ठकीची फाइल

११ जून २०११

प्रिय वन्सं,

दचकू नका. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी तुम्हांला गमतीनं वन्सं म्हटलं आणि तुम्ही खोखो हसलात, तेव्हापासून तेच तोंडात बसलंय. आज गंमत करायचं त्राण नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

हे पत्र इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीतून लिहितेय. ठकी इथं आहे म्हणून मीही इथं. खोलीला दोन दारं. पहिलं उघडायचं, आत यायचं, ते लावायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, टोपी, झगा, मास्क चढवायचा, मग दुसरं उघडायचं. फोन आत आणायला बंदी. बाहेर जाऊन करावा तर सासूबाई शेजारी कान देऊन बसलेल्या. म्हणून पत्र. तुमचं उत्तर आलं की सिस्टर ते काचेला बाहेरून टेकवून धरणार आणि मी आतून वाचणार, असं ठरलंय. तेव्हा अक्षर जरा मोठं काढा.

ठकी नऊ आठवड्यांची झाली. वजन पावणेतीन किलो. जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी झटके आले, कॅल्शियम कमी म्हणाले. मग छातीत कफ, मग तोंडात बुरशी, मग पुन्हा कफ. परवा मोठ्या डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, हिच्या छातीत थायमस नावाची ग्रंथी नाहीच. एक्स-रेत जिथं तिची सावली दिसायला हवी तिथं मोकळं आहे. मी विचारलं, नसली तर काय होतं? म्हणाले, रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तयार होत नाहीत. मी विचारलं, का नाही होत? तर म्हणे, "ते जरा गुंतागुंतीचं आहे." तुमच्या दादांनी मान डोलावली. ते डोलावतातच.

वन्सं, तुम्ही बारा वर्षं ह्याच ग्रंथीत डोकं खुपसून बसला आहात ना? मला ते गुंतागुंतीचं सांगा. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई, कॉलेज अर्ध्यावर सोडलेली, पण मठ्ठ नाही.

आणि दुसरं. सासूबाई काल सिस्टरसमोर म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही कधी नव्हतं. हिच्याच पोटातून आलंय." खरंच माझ्यातून आलंय का? असेल तर असेल. पण मला कळायला हवं.

ठकीचा आवाज ऐकलात तर हसाल. रडतेसुद्धा नाकातून. अगदी बापाची लेक.

तुमची,
वहिनी


२० जून २०११

प्रिय वहिनी,

अक्षर मोठं काढलंय. सिस्टरचे हात दुखले तर माझ्या वतीनं माफी माग.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि सोपं करून सांगताना खोटं सांगणार नाही. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात पेशी जन्मतात. त्यांतल्या काही कोऱ्या असतात. पुढं आपलं काय होणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. त्या रक्तातून वाहत छातीच्या हाडामागं, थायमसमध्ये पोचतात. आत शिरली तेव्हाही ती पेशी अजून बरंच काही होऊ शकते. पण तिथल्या भिंतीतल्या पेशी तिला खुणा करायला लागतात आणि तिच्या एकेक वाटा बंद होत जातात. काही जणी सुरुवातीलाच आडफाट्याला लागतात. बहुतेक मोठ्या वाटेनं पुढं जातात. मग प्रत्येक जण शत्रू ओळखण्यासाठी अंगावर एक आकडा, गळाच्या टोकासारखा, तयार करते, कसाही, अंदाजपंचे. मग परीक्षा. जिच्या आकड्यात काहीच अडकत नाही ती तिथंच मरते. जी आपल्याच शरीराला कडाडून धरते तीही बहुधा मारली जाते. शंभरातल्या दोन-तीन जिवंत बाहेर पडतात.

आणि त्या बाहेर पडतात तेव्हा एकसारख्या उरलेल्या नसतात. काही मदतनीस होतात, म्हणजे इतरांना हाका मारून कामाला लावणाऱ्या. काही मारेकरी, बिघडलेली पेशी गाठून संपवणाऱ्या. थोड्या आवर घालणाऱ्या, लढाई हाताबाहेर जाऊ न देणाऱ्या. सगळ्या त्याच कोऱ्या पेशींच्या लेकी. मदतनीस आणि मारेकरी ह्यांची वाट जिथं फुटते तिथं एक वेळ अशी येते की पेशीच्या अंगावर दोन्हींची खूण असते. मग एक पुसली जाते. कोणती पुसायची हे कसं ठरतं, ह्यात माझी बारा वर्षं गेली. लोक लग्नं करतात, घरं बांधतात. मी हे केलं.

ठकीच्या हाडात त्या कोऱ्या पेशी आहेत, वहिनी. हव्या तेवढ्या आहेत. त्यांना जायला घर नाही, एवढंच.

पण घर देता येतं. इतर बाळांचं हृदयाचं ऑपरेशन करताना वाटेत येतो म्हणून थायमसचा तुकडा काढतात आणि टाकून देतात. तो आम्ही मागून घेतो, त्याच्या पातळ चकत्या करतो, दोन-तीन आठवडे वाढवतो आणि बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतो. सगळ्यांचं होत नाही. पण होतं. मी आजच ठकीचं नाव यादीत घातलंय.

तू विचारलंस ते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळाला की असं होतं. दहांतल्या नऊ बाळांत तो आपसूक गळतो, आईबापांत काही नसतं. तरी नियम म्हणून तुम्हां दोघांचं रक्त पाठवा. आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

तुझीच,
वन्सं


४ जुलै २०११

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी काचेतून तीनदा वाचलं. सिस्टर म्हणाल्या, "बाई, पाठ करताय का?" म्हटलं हो.

मला कळलं ते सांगते, चुकलं तर कान धरा. आमच्याकडे काचेच्या कोऱ्या चकत्या येतात, सगळ्या सारख्या. कडेनं घासली की जवळचं वाचायची होते, मधून घासली की लांबचं बघायची. एकदा घासली की परत कोरी होत नाही. आणि हात घसरला की टोपलीत. तुमच्याकडे शंभरातल्या सत्त्याण्णव टोपलीत जातात, एवढाच फरक. असला कारखाना मी चालवला असता तर मालकानं दुसऱ्या दिवशी हाकललं असतं.

रक्त पाठवलंय. सुई बघून तुमचे दादा पांढरेफटक पडले. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्याचं कशाला? ह्याला काय झालंय? जिचा दोष तिचं बघा." मग सिस्टरनं नियम दाखवला तेव्हा कुठं बाजूला झाल्या.

वन्सं, मला माझी कीव नकोय. ठकीनंतर मी आणखी मूल होऊ द्यायचं की नाही, हेही त्यावर आहे. अहवाल आला की जे असेल ते लिहा.

काल ठकीनं माझं बोट धरलं आणि हातमोजा ओढला. ताकद आहे पोरीत.

वहिनी


२९ जुलै २०११

प्रिय वहिनी,

मोठी बातमी आधी. चकत्या मिळाल्या! गुरुवारी एका चार महिन्यांच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या आईबापांनी होकार दिला. भरपूर ऊती आहे, रंग सुरेख आहे. मी स्वतः चकत्या केल्या. बशीतलं पाणी रोज मीच बदलते, कोणाला हात लावू देत नाही. तीन आठवड्यांनी डबा घेऊन मीच येईन.

तुम्हां दोघांच्या रक्ताचे अहवाल आले. काळजी करण्यासारखं काही नाही. अशा गोष्टी कुठून येतात ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही, आणि आता त्यात शिरून उपयोगही नाही. तो विषय आपण बंद करू. सगळं लक्ष ठकीवर.

आईशी मी बोलले आहे.

तुझी,
वन्सं


१४ जानेवारी २०१२

प्रिय वन्सं,

आज चार!

तुम्हांला सगळे आकडे कळतातच, पण मला माझ्या हातानं लिहायचंय. सप्टेंबरात शून्य, ऑक्टोबरात शून्य, नोव्हेंबरात शून्य, डिसेंबरात शून्य. दर महिन्याला मोठे डॉक्टर यायचे, कागद बघायचे, "वेळ लागतो" म्हणायचे आणि बुटांकडे बघत निघून जायचे. आज आले ते बोटं दाखवत आले. काचेबाहेरून चार बोटं. मला वाटलं चार दिवस उरले.

थेंबाएवढ्या रक्तात चार नव्या पेशी. तीन मदतनीस, एक मारेकरी. म्हणजे तुमच्या चकत्यांत कोणीतरी शिरलं, शिकलं, परीक्षा दिली आणि बाहेर पडलं. मी ठकीच्या मांडीवर हात ठेवून बसले दुपारभर. टाक्यांच्या दोन रेघा आहेत फक्त. आत एवढा गोंधळ चाललाय आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने सांभाळा. मग दार उघडू.

तुमचे दादा काचेबाहेर उभे राहून रडले. तुम्ही डबा घेऊन आलात त्या दिवशी त्यांच्याशी धड बोलला नाहीत, नजर चुकवत होतात, असं ते म्हणाले. मी म्हटलं, दमल्या होत्या.

ठकीला हल्ली हसू येतं. नाकातून.

वहिनी


२६ फेब्रुवारी २०१२

प्रिय वहिनी,

काय लिहू? तीन वेळा कागद फाडला.

शेवटच्या दिवशी मी पोचू शकले नाही, ह्याचं वाईट कायम राहील. आई फोनवर म्हणाली की तू दुकानातल्या बाईला भेटायला खाली गेली होतीस आणि तिच्याकडून सर्दी आत आली. मी तुला दोष देत नाही. तीन आठवडे सलग कोणीही थकेल.

एक गोष्ट तुला कळायला हवी असं मला वाटतं. मांडीतल्या चकत्या तपासासाठी माझ्याकडे आल्या. त्या जिवंत होत्या, वहिनी. नुसत्या जिवंत नाही, भरलेल्या होत्या. कोऱ्या पेशी, दोन्ही खुणा असलेल्या, एक खूण पुसली गेलेल्या, सगळ्या पायऱ्या एकाच चकतीत. इतकं स्वच्छ मी माणसाच्या ऊतीत कधी पाहिलेलं नाही. आणखी दोन महिने मिळाले असते तर.

म्हणून सोबत एक फॉर्म पाठवतेय. ह्या ऊतीवर पुढं काम करायचं तर बाळाच्या आईची, म्हणजे तुझी, सही लागते. दादाची झाली आहे. खाली दोन चौकटी आहेत, "संशोधन संपल्यावर फाइलची प्रत हवी" किंवा "नको". "नको"वर खूण केलीस तरी चालेल, उगाच कागद कशाला सांभाळायचे? शक्य तितक्या लवकर पाठव. ऊती फार दिवस तशी राहत नाही.

स्वतःला जप.

तुझी,
वन्सं


६ मार्च २०१२

वन्सं,

मी खाली कोणालाही भेटले नाही. एकोणीस दिवस त्या दारातून बाहेर पडले नव्हते.

काय झालं ते ऐका. आठ फेब्रुवारीला, मंगळवारी... नाही, बुधवारी, तुमचे दादा आत आले. डोळे लाल होते. मी विचारलं, "सर्दी झालीये का?" म्हणाले, "नाही गं, धुळीनं." मी बाटली धुवायला वळले. परत वळून बघते तर मास्क हनुवटीखाली ओढलेला आणि ठकीच्या तोंडाजवळ तोंड.

मी ओरडले, "काय करताय!"

म्हणाले, "अगं, दहा महिन्यांची झाली, तिनं माझं तोंड बघितलेलं नाही. नुसते डोळे ओळखते ती मला."

ठकी त्यांच्या नाकाला हात लावत होती. खूप खूष होती. हे मी तुम्हांला मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे. शनिवारी ताप आला. पुढच्या गुरुवारी गेली.

घरी पोचले तर सासूबाईंनी दारातच पकडलं मला. "दुकानातली घाण आणलीस ना आत?" मी ह्यांच्याकडे बघितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. उलटं नाही, सुलटंच धरलं होतं. पान उलटलं त्यांनी. मी पिशवी भरली आणि माझ्या भावाकडे आले. अजून इथंच आहे. परत बोलावणं आलेलं नाही, येणार नाही. घटस्फोटासाठी वकिलाचं पत्र मात्र आलंय. त्यात लिहिलंय, निरोगी संतती देण्यास असमर्थ.

तुमच्या फॉर्मवर सही केलीय. चकत्या भरलेल्या होत्या हे तुम्ही मला का सांगितलंत ते मला कळत नाही. पण मी ते वाक्य रोज वाचते. फाइलची प्रत मला हवी. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

आता एकच विचारते आणि ह्याचं उत्तर गोल गोल देऊ नका. मी एकतीस वर्षांची आहे. माझा भाऊ म्हणतो, पुढं कधी दुसरं लग्न करशील. समजा केलं. तर माझं पुढचं मूलही असंच होईल का?

वहिनी


२ एप्रिल २०१२

प्रिय वहिनी,

फॉर्म मिळाला. आभार.

तुझा प्रश्न अवघड आहे, आणि ह्यात कोणी कोणाला खात्री देऊ शकत नाही. पण तू स्पष्ट विचारलंस म्हणून एवढंच म्हणते: तुझ्या जागी मी असते तर पुन्हा हा धोका पत्करला नसता.

काळाबरोबर सगळं सुसह्य होतं.

वन्सं


१८ ऑगस्ट २०१३

डॉक्टरबाई,

ठकीची फाइल काल आली. तुमचं संशोधन संपलं, निबंध छापून आला, म्हणून इस्पितळानं नियमाप्रमाणे प्रत पाठवली. एकशे चाळीस पानं. तुमचा निबंधही आत आहे. त्यात ठकी "रुग्ण क्रमांक ३" आहे. चित्रं रंगीत आहेत.

एकसष्टाव्या पानावर एक कागद आहे. पालकांची तपासणी. दोन रकाने. माता: बदल आढळला नाही. पिता: बदल आढळला. खाली तुमची सही. तारीख सत्तावीस जुलै. तुम्ही मला "काळजी करण्यासारखं काही नाही" लिहिलंत ते एकोणतीसला.

मी तो कागद माझ्या दुकानातल्या भिंगाखाली धरून बघितला. मला वाटलं, मीच रकाने उलटे वाचतेय.

म्हणजे ह्यांचं ते नाकातलं बोलणं, लहानपणीचे झटके, टाळूला असलेली ती रेघ. त्या रेघेबद्दल मी विचारलं होतं, सासूबाई म्हणाल्या होत्या, लहानपणी खेळताना चमचा लागला. तुम्ही त्या घरात वाढलात. तुम्हांला अहवालाचीही गरज नव्हती.

आता मी तुम्हांला एक सांगते, जे माझ्या भावालाही माहीत नाही. तुमचं दोन एप्रिलचं पत्र आल्यावर मी मे महिन्यात ऑपरेशन करून घेतलं. पुन्हा मूल होऊ नये म्हणून. डॉक्टरीण म्हणाली, "वय लहान आहे, विचार करा." मी तिला तुमचं पत्र दाखवलं. ह्या विषयात बारा वर्षं घालवलेल्या बाईनं लिहिलंय म्हटलं. मग तिनं काही विचारलं नाही.

उत्तर द्या. आता अक्षर मोठं काढायची गरज नाही.


२९ ऑगस्ट २०१३

वहिनी,

ऑपरेशनचं मला माहीत नव्हतं. मी तसं करायला सांगितलं नव्हतं.

मी खोटं लिहिलं, हे खरं. पण कसं झालं ते ऐकून घे. अहवाल आला त्या दिवशी मी आधी आईला फोन केला. ती इतकी रडली की मला शब्द कळेनात. दादाला सहाव्या वर्षापर्यंत नीट बोलता येत नव्हतं. टाळूचं ऑपरेशन झालं, तरी शाळेत मुलं त्याची नक्कल करायची आणि तो घरी येऊन कपाटात जाऊन बसायचा. आई म्हणाली, "त्याला हे कळलं तर तो जगायचा नाही. तिचं काय, ती खमकी आहे." मलाही तसंच वाटलं. तू सोसशील, तो मोडेल. दोघांतल्या एकाला वाचवायचं होतं, मी माझ्या भावाला वाचवलं. तूही तुझ्या भावासाठी हेच केलं असतंस.

आणि तुला कळलं असतं तर ठकीसाठी काय वेगळं झालं असतं? त्याच चकत्या, तीच मांडी, तीच सर्दी.

एकदा "काही नाही" लिहिल्यावर पुढचं प्रत्येक पत्र त्याला धरूनच लिहावं लागलं. एप्रिलमध्ये तुला "तुझ्यात काही नाही" म्हटलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, मग कोणात?

आता मी हात जोडून एक मागते. दादाचं लग्न झालं हे तुला ठाऊक असेल. ती लायब्ररीत काम करते, साधी, गोड मुलगी आहे. तिला चौथा महिना लागलाय. निम्मी शक्यता चांगलीच आहे ना? आणि तुकडा आला तरी प्रत्येक बाळ ठकीसारखं होत नाही, दादा जगलाच की. तो कागद तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. आई आता थकली आहे.

वन्सं


४ सप्टेंबर २०१३

डॉक्टरबाई,

तुमच्या त्या लायब्ररीतल्या मुलीनं मला बावीस ऑगस्टला पत्र लिहिलं. पत्ता दुकानाचा शोधून काढला. तिनं लिहिलंय, "ताई, तुमचं बाळ का गेलं हे इथं कोणी सांगत नाही. विचारलं की सासूबाई म्हणतात तिच्यात खोट होती. मला भीती वाटते. तुम्हीच सांगाल का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. कारण ते देणं तुमचं काम आहे. तुम्ही त्या घरी जा. सगळे समोर असताना सांगा. तपासणी कधी करता येते, कशी करतात, सगळं. मला सांगितलंत ना, तसं समजेल असं सांगा.

पंधरा तारखेपर्यंत थांबते. सोळाला एकसष्टावं पान मी तिला पाठवीन.


१७ सप्टेंबर २०१३

वहिनी,

जाऊन आले.

दुपारची वेळ होती. ती जमिनीवर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती. दादा शेजारी डिंकाची बाटली धरून होता. आई इस्त्री करत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले, बसले असते तर बोलता आलं नसतं.

आई मध्येच म्हणाली, "आत्ता हे कशाला? पोटुशी आहे ती."

मी थांबले नाही. तुकडा काय, कोणाकडून, किती शक्यता, सोळाव्या आठवड्यानंतर गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासता येतं, सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"तुम्हांला हे केव्हापासून माहीत आहे?"

"दोन वर्षं."

"माझ्या लग्नात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," ती म्हणाली. "माझा हात हातात घेऊन म्हणाला होतात, लवकर गोड बातमी दे."

मी हो म्हटलं. आई म्हणाली, माझी लेक शिकून वेडी झालीय, हिचं ऐकू नका. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

मग दादा मला म्हणाला, "म्हणजे ठकी माझ्यामुळे गेली?"

आई म्हणाली, "कोणामुळे काही नाही, तू गप्प बस." त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुकडा तुझ्याकडून आला."

तो थोडा वेळ बाटलीचं झाकण लावत बसला. मग विचारलं, "आणि सर्दी?"

वहिनी, मी खाली पडलेले कव्हरांचे तुकडे गोळा करायला लागले. इस्त्रीखाली कापड जळल्याचा वास आला तेव्हा आई हलली.

तो जेवत नाही. कामावर जात नाही. तिनं दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि तपासणी कुठं करणार ते आम्हांला न सांगता गेली. मी माझ्या प्रयोगशाळेत सोय करते म्हटलं तर म्हणाली, "तुमच्याकडे नको." आई माझा फोन उचलत नाही. तू सांगितलंस ते मी केलं. आता तू दादाला दोन शब्द लिही. तो फक्त तुझंच नाव घेतो. आणि तिचा काही ठावठिकाणा कळला, तपासणीचं काही कळलं, तर मला कळव. मी रोज वाट बघते.

वन्सं


२० ऑक्टोबर २०१३

डॉक्टरबाई,

तुमच्या दादांना वेगळं पत्र पाठवलंय. त्यात लिहिलं की रक्तातून काय यावं हे कोणी निवडत नाही, त्याचा दोष त्यांच्याकडे नाही. मास्क काढला त्याबद्दलही माझ्या मनात काही उरलेलं नाही. लेकीला तोंड दाखवावंसं वाटलं, एवढंच ते. पण मला दारात घाण म्हटलं गेलं तेव्हा त्यांनी पान उलटलं, ते मी माफ केलेलं नाही, असंही लिहिलं. जेवा, असं शेवटी लिहिलं. जेवतील.

ती माझ्याकडे आहे. बॅग घेऊन सरळ दुकानात आली, चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसांच्या रांगेत उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर म्हणाली, "ताई, मीच ती." तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. सुई आत जाताना तिनं माझा हात धरला होता. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा दोन दिवस होत्या.

मंगळवारी अहवाल आला. आम्ही दोघींनी तो जिन्यातच उघडून वाचला. त्यात काय आहे हे मला माहीत आहे. तुम्हांला सांगणार नाही. तिनं जिन्यात बसून काय केलं, हसली की रडली, तेही सांगणार नाही. तुम्ही ह्या विषयात आयुष्य घातलंत, तुम्हांला जाणून घ्यायची किती तहान असेल ह्याची मला पूर्ण कल्पना आहे.

इस्पितळात तिनं अर्जावर लिहून दिलंय की हा कागद सासरच्या कोणाला दाखवू नये. खाली, विशेषतः कोणाला दाखवू नये त्यांचं नातं लिहायला जागा होती. तिनं तिथं "नणंद" लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.